सामानापाशी कोण बसणार

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यातली निदान दोन तरी मी वेगवेगळ्या डोंगरांच्या पायथ्याशी बसून काढली असतील.

हे नाशिकला वीज मंडळात होते. नोकरी मंडळाची, पण जीव सगळा ट्रेकिंगमध्ये. महिन्या-दोन महिन्यांनी दहा-पंधरा जणांना गोळा करून कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जायचे. अंजनेरी, हरिहर, रामशेज, साल्हेर, हे सगळे किल्ले मला पाठ आहेत, पण खालून. पहिल्या वेळी यतीन पोटात होता म्हणून मी खाली बसले. मग तो कडेवर होता म्हणून बसले. मग तो एवढा मोठा झाला की बापाबरोबर वर जायला लागला, तेव्हा मला वाटलं, चला, आता आपला नंबर. तर हे म्हणाले, "अगं, पण सामानापाशी कोण बसणार?"

झालं. तेव्हापासून मी सामानापाशी बसते. पंधरा जणांच्या पिशव्या, स्टोव्ह, पातेली, कुणाची चप्पल, कुणाचं घड्याळ. वरून उतरले की सगळे दमलेले, त्यांना चहा मीच करायचा. एकदा तर यांच्या ट्रेकिंगच्या मंडळाने वार्षिक समारंभात माझा सत्कारही केला. नारळ आणि ब्लाउजपीस. निवेदन करणारा म्हणाला, शैलजावहिनी म्हणजे आपल्या मंडळाचा पाया. मी मनात म्हटलं, म्हणूनच कायम जमिनीत.

तर हे सगळं आठवायचं कारण हवाई.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात आम्ही यतीनकडे अमेरिकेत सनीव्हेलला गेलो होतो. त्याने सुट्टी काढून आम्हाला चार दिवस होनोलुलूला न्यायचं ठरवलं. तो, सून नेत्रा, सात वर्षांची नात रुचा आणि आम्ही दोघं. तिथे समुद्राला लागून डायमंड हेड नावाचा एक ज्वालामुखी आहे, विझलेला, आणि शेवटच्या दिवशी त्यावर चढायचं असं कागदावर लिहिलेलं होतं. यतीन सगळं कागदावर छापून आणतो. तो कागद मी महिनाभर आधी फ्रिजवर बघितला आणि ठरवलं, या वेळी आपण चढायचं. कुणाला बोलले नाही. यतीनची अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. सगळे आपापल्या कामाला गेले आणि हे दुपारचे आडवे झाले की मी जिने चढायची, उतरायची. पाच वेळा, मग आठ, मग बारा. शेजारच्या तेलुगू बाईने एकदा विचारलं, लिफ्ट बंद आहे का. मी म्हटलं, नाही, मीच चालू आहे. तिला काही कळलं नाही, पण हसली बिचारी.

फक्त नेत्राला कळलं. ती एक दिवस लवकर घरी आली आणि मी जिन्यात सापडले, पदर खोचलेला, घामाघूम. दुसऱ्या दिवशी तिने मला पांढरे स्पोर्ट्स शूज आणून दिले. म्हणाली, "आई, साडीवर छान दिसतील." मुळीच छान दिसत नव्हते, पण मुलगी चांगली आहे.

शेवटचा दिवस उजाडला. अकरा वाजता हॉटेल सोडायचं आणि विमान रात्री दहाचं. नेत्रा म्हणाली, "बॅगा हॉटेलवालेच ठेवून घेतात, बाबा. सगळे तसंच करतात. टॅग लावून पावती देतात."

"आणि पावती हरवली तर?" हे म्हणाले.

"नाही हरवणार."

"अनोळखी माणसाच्या ताब्यात सहा बॅगा देऊन डोंगरावर जायचं? मी नाही बाई असला माणूस." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या हाताने सहाच्या सहा बॅगा भाड्याच्या लाल गाडीत कोंबल्या. चार डिकीत मावल्या, दोन मागच्या सीटवर, आमच्या मांडीपाशी. तिकडे हॉटेलच्या माणसाने निघताना बजावलं, डोंगराच्या पार्किंगमध्ये गाडीत सामान दिसेल असं ठेवू नका, काचा फोडतात. मी यांच्याकडे बघितलं. हे काचेतून बाहेर बघत होते.

त्या डोंगरात गाडी बोगद्यातून थेट पोटात जाते. आत सपाट मैदान, चहूबाजूंनी गोल कडा, आणि त्यातल्या एका कड्यावर शिखर. यांनी उतरल्या उतरल्या कमरेवर हात ठेवले आणि डोंगराकडे असं बघितलं, की तो डोंगरच ओशाळावा. "ही टेकडी आहे," म्हणाले. "आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा ज्वालामुखी. हे काही लाख वर्षांचं पोर." मग त्यांनी बूट आवळले, नारिंगी टोपी घातली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि खांद्यावर दोरखंड घेतला. हो, दोरखंड. नाशिकहून आणला होता, वीस फूट, नायलॉनचा. शेजारून एक बाई पायात स्लिपर आणि पाठीला तान्हं मूल बांधून चढायला निघाली होती. तिने दोराकडे बघितलं, मग वर डोंगराकडे बघितलं आणि काळजीत पडली.

यतीन म्हणाला, "बाबा, पण गाडीत बॅगा दिसतायत. त्याचं काय?"

"त्यात काय," हे म्हणाले. "आई बसेल की गाडीपाशी. तिला सवय आहे."

सवय आहे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता. माणसाला दमा असतो, तशी जणू मला ही सवय आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नेत्रा म्हणाली, "आई येणार आहेत वर. मी थांबते."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "नको गं, तू जा. मी बसते."

शपथेवर सांगते, मला म्हणायचं नव्हतं. महिनाभर बारा-बारा वेळा जिने चढलेली बाई मी. पण पस्तीस वर्षांचं वळण पडलेली जीभ, तिने माझ्या आधीच उत्तर देऊन टाकलं. नेत्रा माझ्या शूजकडे बघत राहिली. रुचा म्हणाली, "आजी, आर यू नॉट कमिंग?" मी म्हटलं, नो. यतीनने किल्ली माझ्या हातात दिली, यांनी पासपोर्टची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, आणि शिट्टी वाजवून पार्टी निघाली.

मी सावलीतल्या बाकावर बसले. गाडी समोर वीस पावलांवर. स्वतःचा इतका राग आला होता की पाण्याची बाटली उघडायलाही सुचेना. यांच्यावर रागावणं सोपं असतं, त्याची मला सवय आहे. पण या वेळी यांनी मला बसवलं नव्हतं, नेत्राने दार उघडून धरलं होतं आणि मीच ते आतून लावून घेतलं होतं.

अर्धा तास गेला असेल. येणारे-जाणारे बघत होते. आजोबा चढत होते, पोरं चढत होती, एक गरोदर बाई चढत होती. मग मी गाडीकडे बघून विचार करायला लागले, की समजा आलाच चोर, तर मी करणार काय? उठून अंगावर जाणार? मराठीत ओरडणार? आणि इतकी वर्षं मी राखण केली ती कुणापासून? आठवून आठवून एकच चोर आठवला. साल्हेरच्या पायथ्याशी मला डुलकी लागली होती आणि एका शेळीने चार भाकऱ्या पळवल्या होत्या. पस्तीस वर्षांत एक शेळी.

आणि त्या बॅगांमध्ये तरी होतं काय? यांची लोकरीची कानटोपी, हवाईत. कापडाच्या दुकानाला लाजवतील इतके कपडे, एकही न घातलेला. नातेवाइकांना वाटायला बदामासारख्या कसल्याशा बियांची चाळीस पाकिटं. आणि मेथीचे लाडू, जे हे सोडून घरात कुणीही खात नाही. चोराने ते लाडू नेले असते तर मी त्याला पाणी दिलं असतं प्यायला. मोलाचं म्हणाल तर पाच पासपोर्ट, आणि ते माझ्या गळ्यात होते.

मी उठले. गाडीचं कुलूप नीट लागलंय ना बघावं म्हणून किल्लीवरचं बटण दाबलं, तर गाडी बोंबलायलाच लागली. दिवे फडफडतायत, हॉर्न थांबत नाही, सगळं पार्किंग माझ्याकडे बघतंय. मी सगळी बटणं दाबली, तशी डिकी उघडली. शेवटी दंडभर गोंदलेला एक भला मोठा माणूस आला, त्याने शांतपणे माझ्या हातातून किल्ली घेतली, गाडी गप्प केली, डिकी लावली, किल्ली परत दिली आणि म्हणाला, "ऑल गुड, आंटी. यू गो अप." तिकडची माणसं वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं हा आपल्याकडचाच कुणीतरी. मी त्याला म्हटलं, "जाते हं." आणि निघाले.

पदर खोचला, निऱ्या चार बोटं वर घेतल्या. पहिला रस्ता सोपा होता. मग दगडधोंडे आणि वळणं सुरू झाली. ऊन डोक्यावर, झाड नावाला. मी घर झाडायला घेते तसं केलं, पूर्ण घराकडे बघायचं नाही, समोरचा कोपरा तेवढा बघायचा. एक वळण, थांब. दुसरं वळण, पाणी पी. पुढे जाणारे लोक "गुड जॉब, गुड जॉब" म्हणत होते. एवढं कौतुक माझं मॅट्रिक पास झाले तेव्हाही कुणी केलं नव्हतं.

अर्ध्याच्या वर गेल्यावर एक काँक्रीटचा ओटा लागतो. लोक तिथे टेकतात, खाली बघतात. मी ओट्याला हात लावला आणि बघते तर कोपऱ्यात नारिंगी टोपी.

हे बसले होते. दोरखंड शेजारी वेटोळं करून ठेवलेला, उजवा पाय लांब पसरलेला.

मला बघून यांचा चेहरा असा झाला, की भूत बघितलं असतं तर बरं झालं असतं. आणि पहिलं वाक्य काय, तर, "सामान?"

"आहे जागेवर. तुम्ही इथे काय करताय?"

"मी? काही नाही. व्ह्यू बघतोय. पोरांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे."

मी त्यांची पँट गुडघ्याच्या वर सारली. गुडघा टम्म सुजला होता. आजचा नव्हता तो. पस्तीस वर्षं संसार केल्यावर कुठली सूज आजची आणि कुठली जुनी, एवढं कळतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

यांनी टोपी काढून शेजारी दोरखंडावर ठेवली. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. डॉक्टरने चढायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आणि मागच्या दिवाळीत हरिहर?"

"अर्ध्यावर बसलो होतो. पोरांना सांगतो, मी मागून येतो. ती येतात परत, मग बरोबर उतरतो. कुणाला कळत नाही." आणि मग अगदी हळू म्हणाले, "तू बोलू नकोस हं कुणाला."

मला रडू यायला लागलं. दोन वर्षं हा माणूस अर्ध्या वाटेवर एकटा बसत होता, आणि खाली येऊन मला वरच्या टाक्यातल्या पाण्याचं वर्णन सांगत होता. राग यावा की दया यावी हेच ठरेना, म्हणून मी पर्समधून क्रेप बँडेज काढलं आणि गुडघा बांधायला घेतला. क्रेप बँडेज माझ्या पर्समध्ये कायम असतं. इतक्या जणांचे मुरगळलेले पाय बांधलेत मी पायथ्याशी बसून.

बांधून झाल्यावर हे म्हणाले, "बरं झालं आलीस. बस इथे माझ्याजवळ. वारा छान आहे. पोरं आली की उतरू, मला हात द्यायला होशील."

मी बसले. खरंच छान वारा होता, आणि त्यांनी माझ्यासाठी सावलीतली जागा सोडली होती. खालचं सगळं मैदान दिसत होतं. मनातून कुणीतरी म्हणत होतं, शैलजा, अर्ध्यावर आलीस, हेसुद्धा काही कमी नाही. नवरा दुखणाईत. त्याच्याजवळ बसणं हेच काम तुझं.

"वर तरी काय वेगळं असणार," हे म्हणाले. "इथूनच दिसतंय सगळं."

त्या वाक्याने मला उठवलं. यांचा त्यात काही वाईट हेतू नव्हता, ते स्वतःचीच समजूत घालत होते. पण मला दिसलं, की मी आत्ता बसले तर पुन्हा कधीच उठणार नाही. पुढच्या पस्तीस वर्षांची माझ्यापाशी काही खात्री नाही.

"तुम्ही बसा. मी जाऊन येते."

"एकटी?"

"आजवर एकटीच बसत आले ना खाली? मग एकटी चढायला काय झालं?" मी पासपोर्टची पिशवी आणि गाडीची किल्ली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "आणि हे सांभाळा. हलू नका इथून."

मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर परत आले असते.

पुढचं विचारू नका. आधी सत्तर-पंचाहत्तर पायऱ्यांचा उभा जिना, मग एक लांब, काळोखा, अरुंद बोगदा. येणारे लोक आणि जाणारे लोक, सगळे भिंतीला चिकटून. मी एका जपानी आजोबांच्या शर्टाचं टोक धरलं आणि चालत राहिले, त्यांनीही काही विचारलं नाही. बोगद्यातून बाहेर पडते तर समोर आणखी एक जिना, नव्याण्णव पायऱ्या, सरळ आकाशात. मी तो बघून खाली बसले. मग सनीव्हेलचा जिना आठवला आणि मनात म्हटलं, हे तीन मजले, आणखी तीन मजले, बस. चाळिसाव्या पायरीला छातीत धडधडायला लागलं. सत्तराव्या पायरीला मी यांना, यांच्या मंडळाला आणि ज्याने सत्कारात मला पाया म्हटलं त्याला मनापासून शिव्या घातल्या. त्याने मात्र चढायला चांगली मदत झाली.

वर लष्कराची जुनी खोली आहे, गोल जिन्याची. तिच्यातून बाहेर पडायला जेमतेम कमरेएवढी फट. साडी सावरत, अक्षरशः रांगत मी त्या फटीतून बाहेर आले, आणि डोळ्यांसमोर यतीनचे बूट. ते तिघं उतरायला निघाले होते.

"आई?" यतीन म्हणाला. "मग सामान कुणाजवळ आहे?"

बापाचा मुलगा. नेत्राने त्याला कोपराने असं ढोसलं की तो कळवळला. मग तिने मला धरून उभं केलं, माझ्या गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि मला मिठी मारली. रुचा म्हणाली, "आजी, यू लुक टेरिबल." मी म्हटलं, आय नो.

शेवटच्या काही पायऱ्या आम्ही चौघं मिळून चढलो.

काय सांगू तुम्हाला. तिन्ही बाजूंना समुद्र. निळा म्हणजे किती प्रकारचा निळा असावा. खाली उंच उंच इमारती, किनाऱ्यावर माणसांचे ठिपके, एक पांढरी होडी, आणि वारा असा की पदर हातात राहीना. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते वाऱ्याचं नव्हतं. मला फार आनंद झाला होता. आणि तितकाच संतापही आला होता. असलं काहीतरी हा माणूस पस्तीस वर्षं दर महिन्याला बघून आला, आणि खाली उतरून मला म्हणायचा काय, तर चहा टाक.

यतीनने फोटो काढले. नेत्राने मला संत्र सोलून दिलं. रुचा दुसऱ्या बाजूला कठड्याला लटकून डोंगराच्या पोटात बघत होती. ती ओरडली, "लुक, दॅट्स आबा."

मी गेले तिच्याशेजारी. खाली तो ओटा, आणि त्यावर एक नारिंगी ठिपका. त्याच्याही खाली मैदानात लाल गाडी, अगदी नखाएवढी, पण स्पष्ट दिसत होती. गाडीसमोरचा बाकसुद्धा दिसत होता. म्हणजे वरून खालचं माणूस दिसतं तर. मला ते माहीतच नव्हतं. खालून काही म्हणजे काही दिसायचं नाही. नुसता कडा आणि त्यावर ऊन. तरी मी प्रत्येक किल्ल्याच्या खाली बसून, कपाळावर हात धरून वर बघत बसायची. मान दुखून येईपर्यंत. कुणी हात करतंय का म्हणून. पस्तीस वर्षांत एकदाही कुणी केला नव्हता, आणि मी समजूत घातली होती की वरून मी दिसत नसणार.

"वेव्ह, आजी," रुचा म्हणाली.

आधी वाटलं, नकोच करायला. कळू दे जरा. मग उचलला हात. अजून खांद्यापर्यंतही गेला नव्हता, तोच खाली त्या ठिपक्याने दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवायला लागला. म्हणजे तो माणूस मी निघाल्यापासून वरच बघत बसला होता.

"कॅन वी गो नाऊ?" रुचाने विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून दहा मिनिटं. बघू दे त्यांना."